वडापावचे राज्य, ज्वारीचा वनवास



मुंबईचा माणूस काय खातो असे विचारले, तर आज कोणी पोळीभाजी म्हणत नाही, वरणभातही म्हणत नाही. वडापाव म्हणतात. चर्चगेटपासून विरारपर्यंत आणि बोरीबंदरापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत असे स्टेशन नाही की जिच्या तोंडाशी वड्याची कढई नाही. गाडीवरचा वडा होताच, आता त्याची साखळी दुकाने झाली. एकच पाटी, एकच चव, एकच भाव. परदेशी सँडविचवाल्यांनी जगभर जे केले, ते वडापाववाल्यांनी मुंबईत आणि आसपासच्या शहरांत करून दाखवले.

कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने याचा विचार कशाला करायचा, असे कोणी म्हणेल. जिल्हा मेळाव्याला जमायचे ते भावासाठी, कर्जासाठी, विजेसाठी, वड्यासाठी नव्हे. पण आपल्या ज्वारीचे गिऱ्हाईक कुठे गेले याचा माग काढत निघालो, की पाऊल थेट त्या कढईपाशी जाऊन थांबते. म्हणून आज वड्याचा हिशेब मांडायचा आहे.

गिरणीचा भोंगा आणि वड्याची कढई

बटाटेवडा पावात घालून विकायची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असे सांगतात. पाव पोर्तुगीजांनी आणला, बटाटा आणि मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. वडा मात्र आपल्याच घरातला. या दोघांची गाठ मारली ती मुंबईच्या गिरणगावाच्या गरजेने. परळ-लालबागचा कामगार पाळीला निघाला की त्याच्याजवळ बसून जेवायला वेळ नसे आणि खिशात पैसेही फार नसत. एका हातात धरून, चालता चालता, पाचसात घासांत पोट भरेल असे काहीतरी त्याला हवे होते. ते वडापावने दिले.

त्या गिरण्यांत कापूस कुणाचा होता? त्यात वऱ्हाड-खानदेशचा, मराठवाड्याचा कापूस होता. म्हणजे आपल्या कापसावर गिरणी चाले, गिरणीवर कामगार जगे आणि कामगारावर वड्याची गाडी. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. कितीतरी कामगारांच्या घरांनी तेव्हा वड्याच्या गाड्या टाकल्या. शिवसेनेने त्याआधीपासूनच मराठी पोरांच्या गाड्यांना पाठबळ दिले होते, पुढे 'शिववडा' नावाचीही गाडी निघाली. गिरण्या गेल्या, वडा राहिला.

आणि कापूसवाला? तो १९७२ पासून एकाधिकार खरेदीच्या दावणीला बांधलेला होता. राज्याबाहेर कापूस नेला तर गुन्हा. गिरणी कामगाराचे हाल झाले ते सगळ्या देशाला दिसले. त्याच काळात कापूस उत्पादकाला कायद्याने बाजार बंद होता, त्याची बातमीही झाली नाही.

साखळी कशी उभी राहते

२००१ साली धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनजवळ दुकान काढले, तेच पुढे 'जम्बोकिंग' झाले. २००४ साली वेंकटेश अय्यर यांनी कल्याणला 'गोली वडापाव' सुरू केले. दोघांनीही वडा शोधून काढला नाही. वडा तर कोपऱ्याकोपऱ्यावर होताच. त्यांनी विकला तो भरवसा. कढईतले तेल किती दिवसांचे, हात कुणाचे, पाव आजचा की कालचा, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात असते. ती त्यांनी काढून टाकली आणि तिचे चार पैसे जास्त घेतले. गिऱ्हाइकाने ते खुशीने दिले.

गोलीचे वडे तळोज्याच्या कारखान्यात यंत्रावर एका वजनाचे, एका आकाराचे तयार झाले. ते गोठवून दुकानात पाठवायचे. दुकानात फक्त तळायचे आणि पावात घालायचे. आचारी रुसला म्हणून दुकान बंद पडत नाही. जम्बोकिंगने जागा निवडल्या त्या मुख्यतः स्टेशनांच्या आसपास, जिथे माणसांचा लोंढा रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या पायांनी येतो. गिऱ्हाइकाला आपल्याकडे ओढायचे नाही, त्याच्या वाटेत उभे राहायचे, हे त्यांचे गणित.

साखळीचे खाणे एखाद्या मुलखात का चालते आणि दुसऱ्यात का अडखळते, याचे उत्तरही यातच आहे. मुंबईत लोकल आहे, घाई आहे, म्हणून वडापाव. कच्छमध्ये दाबेली, पंजाबात कुलचा, दक्षिणेत इडली. आपल्याकडे अकोला-यवतमाळच्या बसस्टँडवर अजून आलूबोंड्याचा आणि तर्रीपोह्याचा मान आहे, कोल्हापूरकडे वडा मोठा आणि सोबत स्लाइस ब्रेड. मॅकडोनाल्ड १९९६ साली भारतात आले तेव्हा त्या कंपनीलाही गोमांस बाजूला ठेवून यावे लागले. पुढे तिने बटाट्याची टिक्की पावात घालून विकली आणि तिचे बस्तान बसले. पावात बटाटा! म्हणजे जगातली एवढी मोठी सँडविचवाली कंपनी इथे आली आणि दादरच्या गाडीवरचाच धडा गिरवू लागली. मुलखाच्या जिभेपुढे भांडवलाचे काही चालत नाही.

मग आपल्या मुलखाची जीभ तर ज्वारीची होती. ती कुणी बदलली?

वीस रुपयांचा हिशेब

आधी एक साधे गणित करू. गाडीवरचा वडापाव वीस रुपयांचा धरू. एका पावाला अंदाजे ३० ग्रॅम मैदा लागतो, म्हणजे चाळीसेक ग्रॅम गहू. २०२५-२६ च्या हंगामाचा गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये. त्या हिशेबाने गहूवाल्याला मिळाला एक रुपया. वड्यातला बटाटा पन्नास-साठ ग्रॅम, बटाटेवाल्याला रुपयाच्या आतबाहेर. वरच्या आवरणाचे बेसन दहा-पंधरा ग्रॅम, हरभरेवाल्याला तेही रुपयाच्या आत. चटणीतला लसूण, शेंगदाणा आणि एक मिरची धरली, तरी वीस रुपयांतले साडेतीन-चार रुपयेसुद्धा शेतात पोचत नाहीत. बाकीचे तेल, गॅस, मजुरी, जागेचे भाडे, हप्ता आणि नफा यांत जातात.

कापसाची गोष्ट वेगळी नाही. एका शर्टाला पाऊण किलोच्या आसपास कापूस लागतो. २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे शर्टातला आपला वाटा ५८ रुपये, तोही हमीभाव पदरात पडला तर. दुकानात त्या शर्टाला आठशे-हजार मोजावे लागतात.

वडेवाल्याने लूट केली असे मी म्हणत नाही. तो पहाटे चारला उठतो, धगीपुढे उभा राहतो, पोलीस आणि पालिका दोघांना तोंड देतो. त्याला त्याच्या घामाचे दाम मिळाले पाहिजेत. मुद्दा एवढाच की, पैसा पिकात नसून पीक आणि घास यांच्या मधल्या वाटेवर आहे, आणि त्या वाटेवर आपण कुठेच उभे नाही.

शिवाय या वड्यात आपले आहे काय? गहू माळव्याचा नाहीतर पंजाबचा, बटाटा उत्तरेचा नाहीतर गुजरातचा, तेल बहुतेक वेळा मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल. आपल्या कोरडवाहू रानाचा त्यात फक्त हरभरा. मराठी माणसाचे खाणे म्हणून ज्याचा झेंडा मिरवला, त्यात मराठी मुलखाचे मुख्य धान्य औषधालाही नाही.

तराजू कुणी वाकवला

ज्वारी चवीत हरली म्हणून मागे पडली, असे शहरातले विद्वान सांगतात. हे खोटे आहे. ज्वारी सरकारी तराजूत हरली.

साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीवर लेव्ही होती. खळ्यावरची ज्वारी सरकार ठरवील त्या भावाने द्यायची, जिल्ह्याबाहेर न्यायची नाही. पोती लपवली म्हणून आपल्या बापजाद्यांच्या घरांवर धाडी पडल्या. त्याच काळात अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू बंदरात उतरत होता आणि शहरांतल्या रेशनवर स्वस्तात वाटला जात होता. बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाला अमेरिकेची लाल मिलो खावी लागली, ती आठवण जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. पावाला मात्र सरकारने मायेने वाढवले. १९६५ साली केंद्र सरकारने स्वतःची ब्रेडची कंपनी काढली, मॉडर्न बेकरी. ती २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकली. भाकरीसाठी मात्र सरकारने कधी तवाही विकत घेतला नाही.

नंतर रेशन आले गावोगाव. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असे लिहिले. प्रत्यक्षात दुकानात आले ते बहुतेक गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. ज्याच्या दारात गहू फुकट येतो तो ज्वारी तीस-चाळीस रुपये किलोने का घेईल? घेऊ नयेच, माणूस शहाणा आहे. दोष खाणाऱ्याचा नाही.

गव्हाचा भाव बाजारात चढू लागला तर? १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद केली. २०२३ च्या सुरुवातीला सरकारी गोदामांतला गहू पीठगिरण्यांना भाव पाडून विकला. जूनमध्ये साठ्यांवर मर्यादा घातली. हे सगळे पाव महाग होऊ नये म्हणून. यात मेला तो गहू पिकवणारा, आणि त्याच्याबरोबर ज्वारी पिकवणाराही. कारण एका धान्याचा भाव दाबला की शेजारच्या धान्याचाही दबतो. पंजाबचा गहूवाला आणि मंगळवेढ्याचा ज्वारीवाला एकमेकांचे वैरी नाहीत, ते एकाच दोरीने बांधलेले दोन बैल आहेत.

याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारी साठ लाख हेक्टरांच्या पुढे होती. आज ती त्याच्या निम्म्यानेही राहिलेली नाही. तिच्या रानात सोयाबीन आले, कापूस आला, ऊस आला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली आणि जनावरे गेली तसे शेणखत गेले. शहरातल्या माणसाने घास बदलला, तर आपल्या दावणीवरचा बैल गेला. इतक्या लांबचा हा धागा आहे.

कढईतले तेल आणि आपली सरकी

कापूसवाल्याने कढईकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास आणि सरकी साठ किलोच्या वर. सरकीचे तेल तळणाला उत्तम. गुजरातेत फरसाण तळायला ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. पेंड जनावराला जाते. जिनिंगवाला कापसाचा भाव काढतो तेव्हा रुईबरोबर सरकीचाही भाव धरतो.

आता पाहा. मे २०२५ अखेर केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलांवरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. कारण सांगितले महागाईचे. वडा स्वस्त तळला जावा म्हणून पामतेल स्वस्त केले, की सरकीचे तेल उतरते, सोयाबीन उतरते आणि आपला कापूस व सोयाबीन दोन्ही पडतात. एवढ्यावर भागले नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्कही काढले, ते ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात यायच्या वेळी. रुईवर घाव आणि सरकीवरही घाव. मग हमीभाव वाढवल्याच्या जाहिराती कुणाला दाखवता?

आयात असू द्या, आम्ही जगाच्या बाजाराला भीत नाही. पण मग निर्यातही मोकळी ठेवा. भाव पडला की बाजार मोकळा आणि भाव चढला की बाजार बंद, हा खुला व्यापार नव्हे. याला खिसेकापूपणा म्हणतात.

दगड मारून काय होते

या सगळ्यावर काही मंडळींचे उत्तर सोपे असते: परदेशी दुकाने फोडा. जानेवारी १९९६ मध्ये बंगळूरला प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी केंटकीच्या कोंबडीचे दुकान फोडले. देशभर बातमी झाली. महाराष्ट्रात शरद जोशींनी तेव्हा उलटी भूमिका घेतली होती. शेतकऱ्याला जगाची दारे उघडी हवीत, त्याचा शत्रू परदेशी दुकानदार नसून दिल्लीचे धोरण आहे, हे त्यांचे म्हणणे. तीस वर्षे झाली. दुकान फुटल्याने कर्नाटकातल्या नाचणीचा भाव चढला असे काही झाले नाही. केंटकीची दुकाने मात्र गावोगाव झाली.

दुसरे उत्तर सरकारी: पौष्टिक तृणधान्याचे गुणगान. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असे नाव दिले, मेजवान्यांत बाजरीची खीर वाढली. नाव मोठे झाले, माप तेच राहिले. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९ जाहीर झाला. जाहीर करणे आणि खरेदी करणे यांत किती अंतर असते, हे खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर घेऊन ताटकळलेल्या माणसाला विचारा. आम्हाला श्री नको, भाव द्या.

भाकरी मागे का राहिली

आपल्याही बाजूचे खरे बोलले पाहिजे. ज्वारीत चिकटपणा नाही. गव्हाच्या पिठातला चिकट भाग आंबवण्याचा वायू धरून ठेवतो, म्हणून पाव फुगतो. ज्वारीचे पीठ तो धरत नाही, म्हणून निव्वळ ज्वारीचा पाव होत नाही. भाकरी तव्यावरून उतरली की गरम आहे तोवर अमृत, चार तासांनी वातड. ती स्टेशनावर कागदात गुंडाळून विकता येत नाही.

आणि ती थापते कोण? बाई थापते. पहाटे उठून, उकळत्या पाण्यात पीठ मळून, धुरात बसून, घरच्या दहा माणसांच्या वीस भाकरी. या कामाला कोणी कधी मजुरी लावली नाही. घरात गहू आला, पाव आला, तेव्हा तिच्या मनगटाला थोडा आराम पडला. त्याबद्दल तिला बोल लावणाऱ्याने आधी आठवडाभर भाकरी थापून पाहावी. ज्वारी परत आणायची म्हणजे बाईला पुन्हा चुलीपुढे बसवायचे, असा ज्यांचा बेत असेल त्यांनी तो सोडून द्यावा.

पण वाट आहे. सोलापूरच्या बायकांनी ती काढली आहे. तिथली कडक भाकरी, पापडासारखी पातळ आणि खरपूस, महिनोन् महिने टिकते. ती डब्यात बसते, पुण्या-मुंबईला जाते, परदेशातही जाते. वातडपणाची अडचण त्यांनी भाकरी आणखी वाळवून सोडवली, आणि थापणाऱ्या हाताला दाम लावला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नावाचा भरवसाही आहे. भाकरी थापायची यंत्रे आता मिळू लागली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये तर मॅकडोनाल्डने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या दुकानांत पाच भरडधान्ये मिसळलेला पाव आणला, त्यात ज्वारी आहे. गव्हात मिसळली तर ज्वारी पावात जाऊ शकते, हे सिद्ध झाले. ज्या कंपनीला दगड मारायला सांगत होते, तिने ज्वारीला दार उघडले. आपल्या वड्याच्या साखळ्यांनी तसे का करू नये?

गणित पुन्हा करा. एका भाकरीला १०० ग्रॅम ज्वारी, हमीभावाने पावणेचार रुपये. शहरातल्या हॉटेलात तीच भाकरी वीस-पंचवीस रुपयांना जाते आणि झुणका-ठेच्याबरोबर लोक ती मागून खातात. गिऱ्हाईक मेलेले नाही. ते वाटेवर उभे आहे, आपण त्याच्या वाटेत उभे नाही.

मेळाव्यात काय ठरवायचे

म्हणून या जिल्हा मेळाव्यात तीन गोष्टींवर ठराव व्हावा असे मला वाटते.

पहिली. रेशनवर गरिबाला काय खायचे ते सरकारने ठरवू नये. गव्हाऐवजी तेवढी रक्कम त्याच्या खात्यात द्या. त्याला गहू हवा तर गहू घेईल, ज्वारी हवी तर ज्वारी. मग पाहू कुणाची जीभ काय मागते.

दुसरी. गहू, तेल, कापूस यांची आयात-निर्यात वर्षाच्या मध्येच उघडझाप करायची बंद. पेरणीच्या आधी जे धोरण सांगाल ते विक्री संपेपर्यंत टिकले पाहिजे. वेचणीच्या तोंडावर नियम बदलणार असाल, तर त्या फरकाची भरपाई द्या.

तिसरी आपल्या स्वतःसाठी. दर तालुक्याला निदान एका गटाने ज्वारी धान्य म्हणून न विकता पीठ, रवा, पोहे, कडक भाकरी असे काहीतरी करून विकायला सुरुवात करावी. त्यातला हिशेब बायकांच्या हातात आणि मजुरीही बायकांच्या नावावर. माल एका वजनाचा, एका दर्जाचा असावा. एका खेपेला चांगला आणि दुसऱ्या खेपेला खडे, असे झाले की गिऱ्हाईक परत येत नाही. साखळीवाल्याकडून शिकायचे ते एवढेच, आणि ते शिकायला पैसे पडत नाहीत.

पहिल्या दोन गोष्टी भांडून मिळवायच्या आहेत, तिसरीला कुणाची परवानगी लागत नाही. दादरच्या स्टेशनाबाहेर एका माणसाने एक कढई मांडली, त्याला साठ वर्षे झाली. त्याला सरकारने अनुदान दिले नव्हते. अनुदान आपल्यालाही नको. फक्त तराजूवरचा हात काढा, मग मापात ज्वारी कमी पडत नाही.